हिमांत मोटार कशी हांकतात?

नाताळच्या भेटपत्रांवरील हिमाचें चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. पांढऱ्या शुभ्र टेकडीवर लहानसें उपासनामंदिर, भोंवतीं उंच सूचिपर्णी वृक्ष, आणि छपरावर कापसाच्या गादीसारखा हिमाचा थर! आपल्या कोंकणांत किंवा देशावर असें दृश्य दिसण्याचा संभव नाहीं. म्हणूनच ज्या प्रदेशांत वर्षाचे चार-पांच महिने हें हिम खरोखर रस्त्यावर पडून राहतें, तेथील लोक आपल्या मोटारी कशा हांकीत असतील हा प्रश्न आपल्या मनांत सहसा उद्भवत नाहीं. परंतु काळ बदलला आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील बंधु, भगिनी, मामा वा आत्या आज कॅनडा देशांत शिक्षणास अथवा नोकरीस आहेत. तेथें गेल्यावर एखादी जुनी मोटार स्वस्त मिळते म्हणून घ्यावी, आणि ज्या हातांनीं पुण्यामुंबईच्या गर्दींत गाडी लीलया चालविली त्याच हातांनीं ती हिमावरहि चालेल असें समजावें, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. त्यांतून ती मोटार मागच्या चाकांवर चालणारी निघाली तर शेजारीपाजारी मान हालवितात आणि म्हणतात, "ही गाडी हिमांत निरुपयोगी!" हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें याचें विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. उदाहरणादाखल आम्ही कॅनडांतील क्वेबेक प्रांत घेतों. त्या प्रांतांतील मॉंट्रियल शहरीं जानेवारी महिन्याचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १० अंश असतें व एका हिंवाळ्यांत सुमारें दोन मीटर हिम पडतें, इतकें सांगितलें म्हणजे तेथील परिस्थितीची कल्पना येईल.

प्रथम मागचीं चाकें व पुढचीं चाकें हा भेद समजून घेऊं. मोटारीचें इंजिन बहुधा पुढें असतें. परंतु त्याची शक्ति कोणत्या चाकांस पोंचवावी हें गाडीच्या रचनेवर अवलंबून असतें. पुढच्या चाकांस पोंचविली तर तीं गाडीस ओढतात. मागच्यांस पोंचविली तर तीं गाडीस लोटतात. बैलगाडी व हातगाडी यांत जो भेद, तोच हा. बैल पुढें असतात, आणि ते ज्या दिशेस वळतील तिकडे गाडी निमूटपणें मागोमाग जाते. हातगाडीवाला मागून लोटतो. कोरड्या रस्त्यावर त्यास अडचण पडत नाहीं. परंतु चिखलांत गाडीचें तोंड एकीकडे आणि लोटणारा दुसरीकडे अशी स्थिति होते. आपल्या देशांत मागून लोटणारीं वाहनें पुष्कळ आहेत. २०१४ सालीं जिचें उत्पादन बंद पडलें ती अँबॅसडर, २०२३ सालीं जिनें मुंबईंत टॅक्सी म्हणून शेवटचा निरोप घेतला ती प्रीमियर पद्मिनी, राज्य परिवहनाची एस. टी. गाडी, मालमोटार आणि आपली तीन चाकांची रिक्षा, हीं सर्व मागच्या चाकांनींच चालणारीं होत.

अशा गाडीचा हिमांतील मूळ दोष भाराचा आहे. चाकास जमीन धरावयाची तर त्यावर भार पाहिजे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींत इंजिनाचें वजन नेमकें त्याच चाकांवर पडतें, व एकंदर भारापैकीं शेंकडा ६० च्या आसपास भाग तेथें असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींत डिकी रिकामी असतां मागें शेंकडा ५० च्या आंतबाहेरच भार राहतो, कधीं त्याहूनहि कमी. म्हणजे जोर ज्यांनीं लावावयाचा त्यांच्याच पायाखालीं आधार थोडा! मात्र या नाण्यास दुसरी बाजू आहे, आणि ती शेजारीपाजारी सांगत नाहींत. या गाडीचीं पुढचीं चाकें ओढण्याच्या श्रमापासून मुक्त असल्यामुळें त्यांची सर्व पकड वळण्यास मोकळी राहते. शिवाय चढावर व गाडी सुटतांना भार मागें सरकतो, तो अशा गाडीच्या फायद्याचाच. स्वीडन देशांतील व्होल्व्हो कारखान्याची २४० ही मोटार १९७४ पासून १९९३ पर्यंत निघत होती. ती मागच्या चाकांवर चालत असे, आणि स्वीडन हा कांहीं उष्ण देश नव्हे.

आतां रस्त्याकडे वळूं. मोटार कितीहि मोठी असली तरी ती जमिनीस केवळ चार ठिकाणीं टेकते, आणि प्रत्येक ठिकाणीं टेकणारा भाग तळहाताहून फारसा मोठा नसतो. गाडीची सर्व चाल, सर्व वळणें आणि सर्व थांबणें या चार तळहातांवर चालतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पकड गाडीच्या भाराच्या सुमारें सात दशांश मिळते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर चांगल्या हिंवाळी टायरनें ती सुमारें पावपट मिळते. आणि ज्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आहे अशा बर्फावर एक दशांश किंवा त्याहूनहि कमी. याचा अर्थ गणितानें पहावा. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या रस्त्यावर सुमारें १४ मीटरांत थांबते. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून कमी अंतरांत. घट्ट हिमावर तिला सुमारें ४० मीटर लागतात, म्हणजे दोन खेळपट्ट्या. बर्फावर सुमारें १०० मीटर लागतात; हें एक अख्खें फुटबॉलचें मैदान झालें! हांकणाऱ्यास धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यांत आणखी १४ मीटर मिळवावे लागतात, तें निराळेंच. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पहावा. थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून वेग निम्मा केला तर अंतर निम्मे न होतां पावपट होतें. हिमावर हळू जाण्याचा उपदेश सर्वच करतात, पण त्याचें खरें कारण या वर्गाच्या नियमांत आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगावीशी वाटते. कडाक्याच्या थंडींतील बर्फापेक्षां शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर सहज राहतो. म्हणून हवा किंचित् सुखावह झाली कीं नवखा मनुष्य निर्धास्त होतो आणि अनुभवी मनुष्य सावध होतो. पूल आधीं गोठतात, कारण त्यांस खालूनहि थंड वारा लागतो. झाडांच्या व इमारतींच्या सावलींत दुपारपर्यंत बर्फ टिकतो. तो इतका पातळ व पारदर्शक असतो कीं खालचें डांबर दिसतें आणि रस्ता नुसता ओला आहे असा भास होतो. नगरपालिका रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें बर्फ वितळतो खरा, परंतु शून्याखालीं सुमारें १० अंशांच्या पलीकडे साध्या मिठाचा गुण फारच मंदावतो व तेथें खडी-वाळूवर विसंबावें लागतें.

हिंवाळी टायर म्हणजे नुसता जाड नक्षीचा टायर अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचा पहिला गुण नक्षींत नसून रबरांत आहे. साध्या उन्हाळी टायरचें रबर सुमारें ७ अंशांच्या खालीं कठीण होऊं लागतें, आणि कठीण रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरत नाहीं. हिंवाळी टायरचें मिश्रण असें केलेलें असतें कीं तें कडक थंडींतहि मऊ राहावें. दुसरा गुण त्याच्या खोल खांचांचा. त्यांत हिम दाबून भरतें आणि तें रस्त्यावरील हिमास धरतें; कारण हिमास हिम जितकें चिकटतें तितकें रबर चिकटत नाहीं. हिमाचा गोळा वळणाऱ्या मुलांस हें शास्त्र न शिकतांच ठाऊक असतें. तिसरा गुण म्हणजे रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें मारल्यासारख्या बारीक चिरा. त्यांच्या असंख्य कडा बर्फावर नखांसारख्या रुततात व पाण्याचा पापुद्रा पुसून काढतात. हा शोध फार जुना नाहीं. १९३४ सालीं फिनलंड देशांतील नोकिया गांवच्या रबर कारखान्यानें मालमोटारींकरितां पहिला हिंवाळी टायर काढला आणि १९३६ सालीं लहान मोटारींकरितां काढला. पुढें दूरध्वनीच्या उपकरणांमुळें जें नांव आपल्याकडेहि घरोघरीं झालें, तें याच गांवाचें.

क्वेबेक प्रांतांत हे टायर २००८ सालापासून कायद्यानें सक्तीचे आहेत. प्रारंभीं ही सक्ति १५ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत असे. २०१९ सालापासून ती १ डिसेंबरपासूनच लागूं झाली. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह पाहिजे, आणि नियम मोडणाऱ्यास २०० ते ३०० डॉलर दंड होतो. शेजारच्या ऑंटेरिओ प्रांतांत अशी सक्ति नाहीं. म्हणून तेथें जाणाऱ्यानें कायदा सांगत नाहीं तरी टायर घ्यावे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या ठिकाणीं एका काटकसरीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण नव्या विद्यार्थ्याचा खिसा हलका असतो आणि ही काटकसर वरवर शहाणपणाची दिसते. चार हिंवाळी टायरांचा खर्च बराच येतो. तेव्हां मनुष्य विचार करतो कीं, आपली गाडी मागच्या चाकांवर चालते, मग मागेंच दोन चांगले टायर बसवावे. पुढचे दोन जुने चालतील. असें केल्यानें गाडी सुटते चांगली, चढ चढते चांगला, आणि हांकणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो. मग पहिलें वळण येतें. वळण्याचें काम पुढच्या चाकांचें, आणि थांबण्याचें बहुतेक कामहि पुढच्याच चाकांचें, कारण ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. तेथें तर कठीण पडलेलें उन्हाळी रबर! स्टिअरिंग फिरतें, चाकें वळतात, पण गाडी सरळच जाते. उलट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीस पुढेंच दोन हिंवाळी टायर बसविले तर ब्रेक दाबतांच मागचा भाग सुटून गाडी गरकन् फिरते. दोन्ही प्रकारांत पैसे वांचत नाहींत, आणि कधीं कधीं मनुष्यहि वांचत नाहीं. टायर घ्यावयाचे तर चारहि एका जातीचे घ्यावे. तेवढी ऐपत नसेल तर त्या हिंवाळ्यांत बसनें जावें. ज्या पालकांचीं मुलें त्या देशांत आहेत त्यांनीं पैसे पाठवितांना या चार टायरांची चौकशी अवश्य करावी.

टायरची झीजहि पहावी. नव्या हिंवाळी टायरच्या खांचा ८-९ मिलिमीटर खोल असतात. ऑस्ट्रिया देशांत ४ मिलिमीटरांहून कमी खोलीचा टायर हिंवाळी म्हणून मानीत नाहींत, आणि आमच्या मतें तें योग्य आहे. थंडीनें हवेचा दाबहि उतरतो, दर १० अंशांस चौरस इंचीं सुमारें दोन पौंड. तेव्हां पंधरवड्यांतून एकदां तो पाहिलेला बरा.

टायर उत्तम बसविले म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. पकड हें भांडवल आहे. टायरनें तें वाढतें, पण अमर्याद होत नाहीं. या एकाच भांडवलांतून वेग घेणें, थांबणें आणि वळणें हे तिन्ही खर्च भागवावयाचे असतात. सर्व रक्कम एका खर्चांत गेली तर दुसऱ्यास कवडीहि उरत नाहीं. हिमांत कुशलतेनें गाडी हांकणें म्हणजे दोन खर्च एकाच वेळीं न करणें, एवढेंच होय. वळणापूर्वीं सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा. वळणांत ब्रेकहि नको आणि रेसहि नको. गाडी पुन्हां सरळ झाल्यावर हळूहळू रेस द्यावी. सुटतांना पहिल्याऐवजीं दुसऱ्या गिअरनें सुटावें, म्हणजे चाकांवर जोर मवाळ पडतो. चाक जागच्या जागीं गरगर फिरूं लागलें तर अधिक रेस देण्याची इच्छा होते. तीच आवरावयाची असते, कारण फिरणारें चाक खालचें हिम घांसून गुळगुळीत करतें व स्वतःचाच खड्डा खणतें. चढ समोर दिसला कीं पुढच्या गाडीस वर जाऊं द्यावें, मग खालूनच बेताचा वेग घेऊन न थांबतां चढावें. मध्यें थांबलेली मागच्या चाकांची गाडी पुन्हां सुटणें कठीण.

आतां मागच्या चाकांच्या गाडीचा खास धोका पाहूं. वळणांत असतां हांकणाऱ्यानें रेस दिली तर मागच्या चाकांस दोन कामें पडतात: गाडीस लोटणें आणि तिचा मागचा भाग वळणाच्या रेषेंत धरून ठेवणें. भांडवल पुरत नाहीं. लोटणें होतें, धरणें सुटतें, आणि गाडीचें बूड वळणाच्या बाहेर झुकूं लागतें. बैलगाडीच्या उतारूस ही गोष्ट ऐकून समजते, पण पहिल्यानें अनुभवास येते तेव्हां पोटांत गोळा उठतो. अशा वेळीं मनुष्याचा स्वाभाविक हेतु ब्रेक दाबण्याचा असतो, आणि तोच घातक ठरतो. करावयाचें तें असें: पाय रेसवरून हळूच उचलावा, ब्रेकला शिवूं नये, जेथें जावयाचें आहे तिकडे दृष्टि लावावी, आणि स्टिअरिंग त्याच दिशेस फिरवावें. गाडीचें बूड उजवीकडे गेलें तर स्टिअरिंगहि उजवीकडेच फिरवावें लागतें. ऐकण्यास हें उलटें वाटतें. परंतु दृष्टि रस्त्यावर ठेविली तर हात आपोआप बरोबर वळतात, आणि दृष्टि झाडावर ठेविली तर गाडीहि झाडाकडे जाते. गाडी सरळ होऊं लागतांच स्टिअरिंगहि तत्काळ सरळ आणावें. यांत विलंब झाला तर बूड दुसऱ्या बाजूस फेंकलें जातें, आणि हा दुसरा झोका पहिल्याहून जबर असतो.

उतारावर खालच्या गिअरनें उतरण्याची आपल्या घाटांतील रीत हिमांतहि चांगली आहे. परंतु मागच्या चाकांच्या गाडींत गिअर एकदम खालीं टाकून क्लच सोडला तर इंजिनाचा सर्व रोध मागच्याच चाकांवर पडून तीं अडकतात व बूड सुटतें. क्लच अलगद सोडावा. १९७८ सालापासून मोटारींत येऊं लागलेल्या ए. बी. एस. नांवाच्या ब्रेकांत पाय घट्ट दाबून धरावयाचा असतो. पायाखालीं थरथर होते तिला भिऊन पाय काढूं नये. घसरती गाडी एकेका चाकास निरनिराळा ब्रेक लावून सांवरणारी योजनाहि कॅनडांत २०११ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींत सक्तीची झाली आहे, आणि मागच्या चाकांच्या गाडीस तिच्यासारखा मित्र नाहीं. तथापि ती योजनाहि त्याच चार तळहातांवर काम करते. चारहि चाकांवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांविषयींहि हेंच. त्या सुटतात झपाट्यानें, पण थांबतात इतर गाड्यांसारख्याच, आणि मालकाचा गर्व मात्र थांबत नाहीं!

ही सर्व चर्चा जुन्या गाड्यांपुरतीच आहे असें कोणी म्हणेल, तर तसें नाहीं. विजेच्या मोटारींनीं मागचीं चाकें पुन्हां प्रचारांत आणिलीं आहेत. फोक्सवॅगनच्या आयडी मालिकेंतील व टेस्लाच्या कांहीं मोटारी मागूनच चालतात. त्यांची जड बॅटरी तळाशीं पसरलेली असल्यानें मागें भार पुरेसा असतो, म्हणजे जुना दोष बराच गेला. परंतु नवा आला. अशा गाडींत रेसवरून पाय उचलतांच मोटर उलट वीज तयार करते आणि चालत्या चाकांस ब्रेक लागल्यासारखें होतें. बर्फावर तो ब्रेक केवळ मागच्या चाकांवर पडणें इष्ट नव्हे. बहुतेक गाड्यांत हा रोध कमी करण्याची सोय असते. हिमाच्या दिवशीं ती वापरावी.

जुन्या गाडीच्या डिकींत वाळूचीं पोतीं ठेवण्याची तिकडे चाल आहे. मागच्या आंसाच्या अगदीं वर चाळीस-पन्नास किलो वाळू बांधून ठेविली तर उपयोग होतो. फार मागें ठेविली तर गाडीचें तोंड हलकें होतें, आणि न बांधतां ठेविली तर टकरींत तेंच पोतें माणसाच्या पाठींत बसतें. गाडी रुतली तर तीच वाळू चाकाखालीं टाकतां येते. एक फावडें, घोंगडी व विजेरी हींहि बरोबर असावीं.

गाडी हिमांत रुतून मदतीची वाट पाहण्याची पाळी आली तर एक गोष्ट प्राणापलीकडे जपावी. ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवावयाचें असेल तर आधीं बाहेर पडून मागची धुराची नळी हिमानें बुजली नाहीं ना, हें हातानें पहावें व ती मोकळी करावी. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायु गाडींत शिरतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. मनुष्यास नुसती गुंगी येते आणि तो जागा होत नाहीं. हिम पडतच असेल तर ती नळी पुन्हां पुन्हां पहावी, इंजिन दर तासास थोडा वेळच चालवावें, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी.

नव्यानें तेथें गेलेल्यानें पहिलें हिम पडेल त्या रविवारीं सकाळीं, एखाद्या जाणत्या मनुष्यास शेजारीं बसवून, परवानगी घेऊन, दुकानांच्या मोकळ्या पटांगणांत गाडी न्यावी. तेथें खांब नाहींत व माणसें नाहींत हें आधीं पहावें. मग ताशीं वीस किलोमीटरच्या वेगानें मुद्दाम ब्रेक दाबून ती थरथर पायास ओळखीची करून घ्यावी. हळूच वळून, किंचित् रेस देऊन, बूड कोणत्या क्षणीं सुटतें आणि पाय उचलल्यावर तें कसें परत येतें, हें दहा-वीस वेळां करून पहावें. अर्ध्या तासांत जें हातांस समजतें तें भर रस्त्यावर समजून घेण्यास वेळ मिळत नाहीं.